सतरा नंबरचा शिक्का

लोकांची स्तुती करणं हा माझा धंदा आहे, आणि तो मी चांगला करते. नोकरीधंद्याच्या त्या साइटवर माणसं आपापलं पान उघडतात, वर हसरा फोटो लावतात आणि खाली स्वतःबद्दल काय लिहायचं तिथे अडून बसतात. तिथून पुढे मी. गोदामात खोकी मोजणारा माझ्याकडे येतो आणि 'पुरवठा-साखळीचा कणा' होऊन जातो. माझ्या स्वतःच्या पानावर 'माणसांना त्यांच्या खऱ्या उंचीवर नेणारी शब्दशिल्पी' असं ठळक अक्षरांत आहे. नऊ हजार लोक मला फॉलो करतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझी कशी जिरली त्याची मजा त्याशिवाय कळायची नाही.

जिरवली माझ्या मावशीने. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मावशी आली, माझे कपडे एका पिशवीत भरले आणि मला आपल्या दोन खोल्यांत घेऊन गेली. लग्नाबिग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. ती एका कारखान्यात तपासनीस होती. तिथे वाफेच्या नळांना लागणारे व्हॉल्व्ह बनत. ओतून आलेला नग घासला जाई, कातला जाई, त्याला आटे पाडले जात, आणि सगळ्यात शेवटी तो मावशीच्या टेबलावर येई. ती तो मोजायची, भिंगाखाली फिरवायची, बोटांनी चाचपायची. चांगला असेल तर हिरवी चिठ्ठी आणि नगावर तिचा शिक्का, सतरा नंबर. नसेल तर लाल चिठ्ठी आणि नग आल्या वाटेने परत. एकतीस वर्षं हेच. कारखान्यात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे सतराताई म्हणत, मालकसुद्धा.

त्या कारखान्यात एक नियम होता, तो मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला: आपल्या हातचा माल आपण पास करायचा नाही. ज्याने नग बनवला त्याला त्यातली खोट दिसत नाही, त्याच्या डोळ्यांत माया असते. कधी माणूस कमी पडला तर मावशी स्वतः यंत्रावर उभी राहायची, आणि मग आपले नग टोपलीत घालून नऊ नंबरच्या तपासनिसासमोर रांगेत उभी राहायची. नऊ नंबर तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान होता. तरीही त्याने लाल चिठ्ठी लावली की ही मुकाट्याने टोपली उचलायची.

अकरा महिन्यांपूर्वी कारखाना बंद पडला. पहिले दोन महिने मावशी झोपली. मग तिने घर तपासायला घेतलं. दाराची बिजागरी, खुर्चीचे पाय, माझ्या शर्टाची बटणं. भाजीवाला ती दिसली की पाटीवर फडकं टाकायचा. कप धुतला की ती तो कानाशी धरून चमच्याने टिंग करून वाजवायची आणि मगच फळीवर ठेवायची. ही वाजवायची खोड मात्र तिला जुनीच होती. मी पंधरा-सोळा वर्षांची असल्यापासून आमच्या घरातली एकही वस्तू न वाजता जागेवर गेलेली नाही.

मी हसायचे. एकदा तीच म्हणाली, "हसू नकोस. मला कामाशिवाय माझं काय करायचं तेच कळत नाही. सकाळी उठते आणि वाटतं, आज कोणाला माझी गरज नाही." मावशी असं कधी बोलत नाही. त्याच दिवसापासून मी तिच्यासाठी नोकरी शोधायला लागले.

आणि सापडली. श्वास घ्यायला मदत करणारी यंत्रं बनवणारी एक कंपनी होती. त्या यंत्रांत पितळेचे बारके व्हॉल्व्ह असतात आणि ते तपासायला त्यांना अनुभवी माणूस हवा होता. अर्ज फक्त त्या साइटवरून. मुदत तीन आठवडे. वयाची अट नाही. मी उडीच मारली. हे तर माझंच मैदान!

एका बैठकीत मी मावशीचं पान लिहून काढलं. 'गुणवत्तेचा ध्यास घेतलेलं नेतृत्व. तीन दशकांची अविचल निष्ठा. अचूकता हा जिचा श्वास.' शेवटच्या ओळीवर तर मी स्वतःच खूश झाले, श्वासाचीच कंपनी ना. कागदावर छापून तिच्यासमोर ठेवलं. तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि वाचायला बसली.

"ध्यास किती मिलिमीटर?" तिने विचारलं.

"मावशी, तसं नसतं गं ते."

"मग मोजणार कसं? आणि हे अविचल म्हणजे? मी दर तासाला उठून पाणी प्यायचे."

मग ती आतल्या खोलीत गेली आणि जुन्या डब्यातून एक लाल चिठ्ठी घेऊन आली, खरी कारखान्यातली, दोऱ्यासकट. कागदाला भोक पाडून तिने ती चिठ्ठी बांधली आणि कागद मला परत दिला. माझ्या उभ्या आयुष्यात माझं लेखन कोणी असं परत केलेलं नव्हतं.

"अगं, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही!" मी ओरडले. "तिथे सगळे स्वतःची पाठ थोपटतात. त्याचसाठी आहे ती जागा!"

"मला स्वतःबद्दल कसं लिहिता येईल? आपल्या हातचा माल..."

"तू माल नाहीस!"

"मग मला बनवलं कोणी? मीच ना?"

कपाळ! मी हात टेकले. ती मात्र माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. एका जागी बोट ठेवून म्हणाली, "ही शिफारस म्हणजे काय?"

मी सांगितलं की तिथे आपण दुसऱ्याच्या कामाबद्दल लिहितो. आपल्या नावानिशी. ते त्याच्या पानावर कायम राहतं, सगळ्यांना दिसतं.

"दुसऱ्याच्या कामाबद्दल? स्वतःच्या सहीने?"

"हो."

"मग ही तपासणीच की," मावशी म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं ते मी आधी गंमत म्हणून बघितलं, मग वैतागून बघितलं, आणि नंतर नंतर श्वास रोखून. मावशीला माणसांची नावं आठवत नव्हती. तिला हात आठवत होते. ती डोळे मिटायची, अंगठा तर्जनीवर घासायची, नसलेला नग हातात फिरवायची. "हां. हा आटे पाडताना शेवटी जरा घाई करायचा. उंच होता. त्याच्या बहिणीचं पिठाचं दुकान." एवढ्यावर मी शोधायचं! कारखान्याच्या नावावरून शोध, फोटो दाखव, नाही म्हणाली की पुढचा. सापडला की ती एका बोटाने टाइप करायला बसायची. पहिली शिफारस एका कातारी माणसाची होती. ती अशी:

'या माणसाने नऊ वर्षं माझ्या टेबलावर नग पाठवले. पहिल्या वर्षी शंभरातले अकरा मी परत केले. आटे खोल जात होते. त्याने चिडून माझ्या टेबलावर चहा ओतला. दुसऱ्या वर्षी शंभरात चार परत. तिसऱ्या वर्षापासून सात वर्षं एकही नाही. त्याच्या आट्यांवर बोट फिरवलं की कुठे अडकत नसे. सतरा नंबर.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी, चारचौघांत त्याचे लाल नग मोजतेस? तो खवळेल! इथे फक्त चांगलं लिहायचं असतं!"

"लाल लिहिलं नाही तर हिरव्यावर कोण विश्वास ठेवणार?"

तासाभरात उत्तर आलं. मी डोळे अर्धे मिटूनच उघडलं. 'सतराताई! तुम्हाला तो चहा अजून लक्षात आहे? आणि त्या सात वर्षांत एकही परत गेला नाही हे मला स्वतःला माहीत नव्हतं. हे मी छापून दुकानात लावतोय. माझ्या मुलांना वाचून दाखवलं. वाचताना मला थांबावं लागलं.'

माझ्या नऊ हजारांपैकी एकानेही मला कधी सांगितलं नव्हतं की माझं लिहिलेलं वाचताना त्याला थांबावं लागलं.

मग रोज तीन, रोज चार. यारी चालवणारी एक बाई होती, तिच्याबद्दल: 'ही दोन टनांचं ओझं माझ्या टेबलाशेजारी उतरवायची आणि माझ्या पेल्यातलं पाणी हलत नसे.' लोखंडाचा कीस झाडणारी एक होती. ती साइटवर कुठून असणार? पण तिची मुलगी होती. मावशीने मुलीकरवी आईचं पान उघडायला लावलं आणि लिहिलं: 'माझ्या टेबलावर बारा वर्षांत किसाचा एक कण आला नाही. आला असता तर माझं माप चुकलं असतं. माझी बारा वर्षांची मापं हिच्या झाडूवर उभी आहेत.' त्या मुलीने आईचा फोटो पाठवला. आई फोन दोन्ही हातांत धरून बसली होती आणि तिला वाचता येत नव्हतं, तरी ती पडद्याकडेच बघत होती.

मी लोकांना उंचीवर नेते म्हणे! मी त्यांना फक्त उंच टाचांचे जोडे विकत होते. इथे ही बाई एकेका माणसाला त्याचं स्वतःचं काम परत करत होती, वीस-पंचवीस वर्षं सांभाळून ठेवलेलं, न चुरगळलेलं. एवढं सगळं तिने डोक्यात ठेवलं कुठे? तिच्या टेबलावरून काही लाख नग गेले असतील. मी तिच्यासोबत एकोणतीस वर्षं राहिले आणि तिचं डोकं दुखलं तर गोळी कुठली द्यायची एवढंच मला माहीत होतं. मी थक्क झाले होते, दुसरा शब्द नाही.

एकाचंच उत्तर आलं नाही. तो पूर्वी ओतलेले नग घासायचा, आता त्याचा स्वतःचा कारखाना होता, हाताखाली चाळीस माणसं. त्याच्याबद्दल मावशीने लिहिलं होतं: 'याने सहा वर्षं माझ्याकडे नग पाठवले. लाल पुष्कळ झाले. पण याने कधी खोट झाकून नग पुढे ढकलला नाही. हात साफ.' मी म्हटलं, मोठा माणूस झालाय, लाल पुष्कळ हे झोंबलं असेल. मावशी पुढच्या शिफारशीला लागली.

सोळा दिवसांत एकसष्ट शिफारशी झाल्या. वर्षातून दोनदा येऊन भिंतीवरचं घड्याळ लावून देणाऱ्याचीसुद्धा झाली. माझी नाही. मी मागणार नव्हते, मलाही मान आहे. पण रोज सकाळी माझं पान उघडून बघत होते, हे खोटं कशाला बोलू?

शेवटच्या दिवशीही तिच्या स्वतःच्या पानावर 'माझ्याबद्दल' हा रकाना कोरा होता, आणि तो कोरा असेल तर अर्ज पुढे जात नव्हता. मी नुसती घिरट्या घालत होते. मावशी म्हणाली, "तू बाहेर जा. मी लिहिते." अर्ध्या तासाने तिने हाक मारली. अर्ज गेला होता. मी रकाना वाचला.

'मला स्वतःला पास करता येत नाही. नापास करता येतं, ते करते. एकोणीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी तीन इंची व्हॉल्व्हचा एक नग मी पास केला. त्याच्या मानेपाशी हवेचं भोक होतं. मला सापडलं नाही. तो व्हॉल्व्ह एका कपडे धुण्याच्या कारखान्यात बसला आणि चौदा महिन्यांनी फुटला. तिथल्या कामगाराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याची दोन बोटं अजून वळत नाहीत. नगावर शिक्का सतरा होता. बाकी माझं काम कसं आहे ते दुसऱ्यांना विचारा.'

मी कपाळावर हात मारून घेतला. "मावशी! नोकरीच्या अर्जात? व्हॉल्व्हच्याच नोकरीच्या?"

"त्यांच्या व्हॉल्व्हमधून माणसांचा श्वास जाणार आहे," ती म्हणाली. "मला ठेवण्याआधी त्यांना हे कळायला नको?"

मला आठवलं. मी पंधरा वर्षांची असताना ती दोन दिवस परगावी गेली होती, कारखान्याचं काम म्हणून. परत आली ती जेवली नाही. मी शेजारच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, दमली असेल.

कंपनीकडून पाच दिवस काही नाही. पण तो रकाना कोणीतरी पुढे पाठवला, त्यानंतर आणखी कोणी, आणि बघता बघता मावशीच्या पानावर बाजार भरला. कोणी लिहिलं, असा प्रामाणिकपणा दुर्मिळ. कोणी लिहिलं, अशा बाईला दारात उभं करू नये. एकाने लिहिलं, नाटक आहे, प्रसिद्धीसाठी. त्याला मी असं उत्तर लिहिलं की ते इथे देता येणार नाही. मावशीने ते पुसायला लावलं. ती शांत होती, पण एकच कप दोन-दोनदा वाजवताना मी तिला बघितलं. तिला ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

सहाव्या दिवशी सकाळी त्या रकान्याखाली एक मोठी प्रतिक्रिया आली. वर फोटो त्या चाळीस माणसांच्या मालकाचा. मी ती मावशीला मोठ्याने वाचून दाखवायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला माझा आवाज खाली आला.

'सतराताई, त्या नगाचं घासकाम माझं होतं. भोक मला दिसलं होतं. त्या महिन्यात माझे लाल नग आधीच फार झाले होते, आणखी एक झाला असता तर मला घरी बसवलं असतं. मी भोकात लोखंडी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, सुकू दिली, घासली, रंग जुळवला. भिंगाखालीसुद्धा दिसली नसती. व्हॉल्व्ह फुटल्याचं कळलं तेव्हा मी गप्प बसलो. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्ही लिहिलंत की याने कधी खोट झाकली नाही. ते माझ्या पानावर आहे. माझी माणसं येऊन माझं अभिनंदन करतात. तीन आठवडे माझ्या घशाखाली घास उतरत नाही. चूक तुमची नव्हती. माझी होती. हे सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहितोय.'

चाळीस माणसांचा मालक. स्वतःच्या नावाने, फोटोसकट, त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत. या साइटवर मी आठ वर्षं आहे. तिथे कोणी खरं बोलू शकतं हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

मावशीने चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावून स्वतः वाचलं.

मी तिचे खांदेच धरले. "मावशी, तुझी चूक नव्हतीच! एकोणीस वर्षं उगाच! काढून टाक तो रकाना, आत्ताच्या आत्ता."

"सापडायला हवं होतं."

"भिंगाखालीसुद्धा दिसलं नसतं म्हणतोय तो!"

"दिसलं नसतं. पण वाजवला असता तर कळलं असतं. भरलेला नग नीट वाजत नाही, बद्द बोलतो." तिने चष्मा काढून ठेवला. "त्या दिवशी मी वाजवला नव्हता. जेवणाची सुट्टी व्हायची होती. त्याने झाकलं ते त्याचं. मी वाजवला नाही ते माझं. एकाने दुसरं पुसलं जात नाही."

टिंग. फळीवरचे कप. माझा शाळेचा डबा, माझा कंपास, स्वयंपाकघरातली झाकणं. मी सतरा-अठरा वर्षं ज्याला खोड म्हणून हसत आले ते हे होतं. मला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

मग ती टाइप करायला बसली. आधी त्याला चार शब्द: 'रविवारी त्या भाजलेल्या माणसाला भेटायला जा. मी दरवर्षी जाते. पत्ता पाठवते.' आणि नंतर त्याच्या पानावरची जुनी शिफारस उघडून तिने 'पण याने कधी' पासून 'हात साफ' पर्यंत सगळं खोडलं. तिथे लिहिलं: 'एक नग झाकला. एकोणीस वर्षांनी स्वतः आणून दिला. सतरा नंबर.' त्याने ती शिफारस काढली नाही. अजून आहे, कोणीही बघावी.

त्याच दुपारी फोन आला. कंपनीच्या तपासणी विभागाची प्रमुख, कोरड्या आवाजाची बाई. फोन स्पीकरवर होता.

"तो व्हॉल्व्ह फुटल्यानंतर तुम्ही कामात काय बदललंत?"

"वाजवायला लागले. प्रत्येक नग."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "सोमवारी या. वाजवून दाखवा."

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. मला काचेबाहेर बसवलं. आत पांढरं टेबल, पांढरे दिवे, टेबलावर बोटाएवढे बारा पितळी व्हॉल्व्ह ओळीत. प्रमुख बाई आणि दोन तरुण इंजिनीयर हाताची घडी घालून उभे. मावशीने आपली पिशवी उघडली आणि भिंग काढलं, आणि मग आमच्या घरातला चहाचा चमचा. इंजिनीयर एकमेकांकडे बघून हसले. माझी पाचावर धारण बसली होती, तरी त्या दोघांचे चेहरे मी लक्षात ठेवले.

तिने घाई केली नाही. एकेक नग दोऱ्याला टांगून कानाशी धरायची आणि हलकेच चमचा लावायची. काचेतून मला काही ऐकू येत नव्हतं. फक्त तिचा चेहरा दिसत होता, आणि असा चेहरा मी अकरा महिन्यांत बघितला नव्हता. पाचवा नग तिने बाजूला ठेवला. प्रमुख बाईने मान हलवली. मावशी पुढे गेली. अकरावा तिने दोनदा वाजवला, तिसऱ्यांदा वाजवला आणि तोही बाजूला ठेवला.

आत काहीतरी बोलणं झालं. मग प्रमुख बाईने दार उघडून कोणाला तरी हाक मारली, तेव्हा मला ऐकू आलं. "आम्ही खोट असलेला एकच ठेवला होता."

"दोन आहेत," मावशी म्हणाली.

अकरावा नग करवतीवर नेला. आम्ही सगळे तिथे उभे होतो. तो चिरला, दोन भाग झाले, आणि पितळेच्या आत अगदी मोहरीएवढी एक पोकळी होती. चकचकीत, गोल, जन्मापासून कोणीही न बघितलेली. तो नग त्यांच्या स्वतःच्या तपासणीतून पास झालेला होता. हसलेल्या दोघांतल्या एका इंजिनीयरने दोन्ही तुकडे हातात घेतले. त्याने वर बघितलं आणि तो म्हणाला, "मॅडम, मला शिकवाल?"

"चमचा आण घरून," मावशी म्हणाली. "उद्यापासून."

तिला शिक्का कुठला हवा असं प्रमुख बाईने विचारलं. सतरा रिकामा होता.

घरी आल्यावर मी चहा टाकला. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता, आणि तरीही ते तोंडाशी आलंच. एवढी मोठी बाई, तेहेतीस वर्षांची, आणि विचारताना माझा आवाज लहान मुलीसारखा निघाला.

"मावशी, एकसष्ट जणांबद्दल लिहिलंस. घड्याळवाल्याबद्दलसुद्धा. माझ्याबद्दल नाही."

ती कप धूत होती. तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे असं बघितलं जणू मी पाढा चुकले होते.

"तुझ्याबद्दल मी कसं लिहू?" ती म्हणाली. "तू माझ्या हातची."

मावशीने कप कानाशी धरला, चमचा लावला, नीट ऐकलं, आणि फळीवर ठेवून दिला.